रफू पाहून विकलेली गाडी

आमच्या भंडाऱ्याच्या घरमालकांचा, काकाजींचा, मेसेज अजूनही महिन्या-दीड महिन्याने येतो. माझी बदली होऊन मी तिथून निघाले त्याला बराच काळ झाला, पण त्यांच्या लेखी मी अजून वरच्या मजल्यावरच राहते. मेसेजमध्ये मजकूर नसतो. एक फोटो असतो. पांढरी, छोटी, पुढचा बंपर जरा वाकलेली मोटार, रस्त्यावरच्या सरकारी कॅमेऱ्याने वरून टिपलेली. वाहतूक पोलिसांचं दंडाचं चलान. ते काकाजींच्या नावाने येतं, कारण कागदोपत्री गाडी काकाजींची आहे. चालवतो दुसराच. फोटोच्या मागोमाग फोन येतो.

"मॅडम, पाह्यला का फोटो? साकोलीच्या अलीकडं हाये पहा. धुतलेली दिसून राहिली."

"काकाजी, दंड कशाचा आहे?"

"तो असन काहीतरी. तुमी गाडी पहा ना. काच किती साफ ठेवली त्यानं."

सासरी गेलेल्या लेकीचा फोटो यावा तसे ते ती चलानं पाहतात. लिंक उघडून फोटो कसा बघायचा हे मीच त्यांना शिकवलं होतं, तेव्हा तक्रारही करता येत नाही. त्या गाडीचे पैसे त्यांना आजतागायत पूर्ण मिळालेले नाहीत. ही गोष्ट सांगायला घेतली की माझं डोकं अजून तापतं, पण काकाजी कोण हे सांगायचं तर गाडीवाचून सांगता येत नाही.

घराणं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, काम करणारं. तरुणपणी काकाजी स्वतः मागावर बसलेले. पुढे कोशाच्या साड्या आणि धोतरं गाडीत घालून लग्नघरोघरी विकत हिंडले. मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेले तेव्हा माग कधीच निघाला होता आणि त्याच्या जागी काकूंच्या तांदळाच्या कोठ्या आल्या होत्या. पण बोटांची सवय गेली नव्हती. समोर आलेल्या माणसाच्या कपड्याची कड चिमटीत धरायची, जराशी चोळायची आणि मग त्या माणसाबद्दल मत द्यायचं. खोली पाहायला गेले तेव्हा माझं नाव विचारण्याआधी त्यांनी माझ्या पदराचा काठ हातात घेतला होता.

"मिक्स हाये," ते म्हणाले. "पण रंग पक्का हाये. भाडं वेळेवर द्याल तुमी."

मी बँकेत नोकरीला आहे, हे त्यांनी त्यानंतर विचारलं. माझ्या पगारापेक्षा माझ्या पदरावर त्यांचा जास्त भरवसा बसला होता. पुढे एकदा पेन्शनच्या कुठल्याशा कामाने ते आमच्या शाखेत आले आणि थेट मॅनेजरसाहेबांच्या बाहीला हात घातला. "साहेब, कापड महागाचं हाये, पण शिवण कच्ची. घाईत कामं करता का तुमी?" साहेब हसले नाहीत. आठवडाभर त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, जणू ती बाही मीच ओढली होती.

आणि बोलणं. सकाळी नळ आला की काकाजींचं तोंड सुरू व्हायचं, ते झोपेपर्यंत. नळाला धार का नाही, पूर्वी धार कशी होती, धार पाहणारा माणूस कोणत्या गावचा होता, त्याच्या सासऱ्याचं धोतर काकाजींनी कसं कमी भावात दिलं होतं. मी जिन्यावरून उतरताना दोन मिनिटं सापडले की बस चुकलीच समजायची. काकूंना ऐकू येत नसे. कान कधीपासून गेले ते कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. हळूहळू गेले म्हणायचे. मला पहिल्या वर्षी वाटायचं की देवाने जोडा अगदी पाहून जमवला आहे. एवढं बोलणाऱ्याला न ऐकणारी दिली, म्हणून तर संसार टिकला.

पण काकूंची नात पुण्याला होती, तीन-चार वर्षांची, आणि ती फोनवर आजीशी बोलायची. काकू फोन कानाला लावून नुसत्या हसत. एकदा मला म्हणाल्या, "लेकरू काय म्हणते ते कळत नाही बाई. मी हासते. तिलेही वाटत असन, आजी यडी हाये." नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांची मशीन सांगितली. किंमत ऐकून काकाजी बाकावर बसले, आणि बाहेर आल्यावर त्यांनी ठरवलं की गाडी विकायची. डोळ्यांना अंधूक दिसत असल्याने चालवणं तसंही बंद झालं होतं. गाडी जुनी, पण जिवापाड जपलेली. दोन कान त्यात येतील, थोडेफार उरतीलही, असा हिशेब होता. त्या घरात त्या वर्षी एवढ्या एकाच गोष्टीची वाट पाहणं चालू होतं.

पोळ्याच्या आसपास एक दिवस मी बँकेतून आले तर अंगण रिकामं. काकाजी ओट्यावर बसलेले, हातात चेक.

"विकली?" मी विचारलं.

"विकली जी. लाखनीचा हाये माणूस. हायवेवर टायरचं दुकान हाये त्याचं."

"चावी दिली?"

"चावी देल्याशिवाय गाडी जाईन कशी?"

"आणि कागद?"

"सह्या करून देल्ले."

"काकाजी, चेक अजून वटलेला नाही."

त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की शिकलेल्या माणसाला साधी गोष्ट सांगावी लागते याचं त्यांना वाईट वाटत असावं. "मॅडम, त्याच्या शर्टाच्या कोपरावर रफू होता. दुकानातला नाही, घरचा. आडवा धागा उभ्यात असा घेतला होता का हात फिरवला तरी कळत नोहोतं. मी विचारलं, कोणं केला? म्हणे, पोरीनं. ज्या घरात शर्ट एवढा जपते, ते घर कोणाचा पैसा बुडवत नाही."

रफू केलेला शर्ट घालणाऱ्याच्या खात्यात पैसे नसण्याचीही शक्यता असते, असं मी म्हटलं. हा विचार त्यांना नवा होता. थोडा वेळ त्यांनी तो मनात घोळवला आणि टाकून दिला.

चेक माझ्याच शाखेत भरला आणि माझ्याच टेबलावर परत आला. खात्यात पुरेशी शिल्लक नाही. तो कागद मीच घरी नेऊन काकाजींच्या हातात दिला. त्यांनी कागदाचीही कड चोळून पाहिली, आणि जाडी बरी आहे म्हणाले.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. चेक परत आल्यापासून तीस दिवसांच्या आत वकिलाची नोटीस गेली पाहिजे. मग त्याला पंधरा दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे नाही दिले तर फौजदारी खटला. बहुतेक लोक नोटीस पाहूनच पैसे आणून देतात. ओळखीच्या वकिलाकडून मी मसुदाही करून आणला. काकाजींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"भाषा लय खरबरीत हाये," ते म्हणाले.

"ती नोटीस आहे, काकाजी. साडी नाही."

"आधी जाऊन तर पाहू."

इथे त्यांच्या घराण्याची एक रीत आडवी आली. उधारी मागायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही. कोशाचा माल पूर्वी लग्नात उधार जायचा आणि पैसे धान निघाल्यावर मिळायचे. मागायला गेलेला माणूस पाहुण्यासारखा दिसला पाहिजे, म्हणजे त्या घरातल्या लेकरांना कळत नाही की बाप देणं लागतो, असं त्यांच्या वडलांनी शिकवलेलं. रीत चांगलीच होती. पण काकाजी एसटीने लाखनीला जात, ते किलोभर पेढे घेऊन. टायरवाला हात जोडे, ट्रकवाल्यांकडे अडकलेल्या उधारीचं सांगे, चहा पाजे. काकाजी पेढे ठेवून परत येत. दुसऱ्या खेपेला त्याच्या आईसाठी संत्री. तिसऱ्या खेपेला चक्क कोशाचा दुपट्टा, घरात जपून ठेवलेला, कारण म्हातारीचा एकसष्टीचा का कसला कार्यक्रम होता. मी बोलायला लागले की ते म्हणत, "घाईत विणलेलं लवकर विरते, मॅडम." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पाणीपट्टीपासून राजकारणापर्यंत सगळ्याला ऐकलं आहे, आणि एकदाही ते मला पटलेलं नाही.

तिसऱ्या खेपेला ते आणखी एक बातमी घेऊन आले. टायरवाल्याच्या मुलीचं जमत होतं. गाडीही त्याने त्यापायीच घेतली होती, पाहुण्यांना दारात दिसावी म्हणून. अड्याळकडे त्याचं गाव, आणि गावच्या मंडईच्या दिवशी मुलाकडचे येऊन पक्कं करणार होते. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव एकेक दिवस मंडई भरते. त्या दिवशी गावचा माणूस असेल तिथून घरी येतो, लेकी-जावई, सोयरेधायरे जमतात, आणि जिल्ह्यातली कितीतरी लग्नं त्या गर्दीतच जुळतात.

"आता नोटीस नाही पाठवाची," काकाजींनी जाहीर केलं. "पोस्टमन गावात नोटीस घेऊन गेला का सगळ्या गावाले कळते. पोरीचं मोडन. रफू त्याच पोरीनं केला होता."

"तीस दिवस निघून जातील."

"चेक तीन महिने चालते ना? तुमीच सांगतलं होतं. पुन्हा टाकता येते, पुन्हा वापस आला का पुन्हा तीस दिवस."

सांगितलं होतं खरं. माझे सगळे कायदे त्यांनी माझ्यावरच उलटवले. मंडई आणि चेकची मुदत संपणं यात मोजके दिवस उरत होते. मी दात आवळून कबूल केलं, पण अट घातली. मंडई झाली की पहिल्या कामाच्या दिवशी चेक पुन्हा बँकेत, परत आला की नोटीस, आणि मधे एक शब्द बोलायचा नाही. काकाजींनी मान डोलावली आणि चेक माझ्याकडे ठेवायला दिला. बोलायचं नाही ही अट त्यांनी पाळावी अशी माझी अपेक्षाही नव्हती.

मंडईला टायरवाल्याने आमंत्रण दिलं होतं. ज्याचा चेक परत गेला त्याच माणसाला पाहुणा म्हणून बोलावण्याइतका तो भला होता, किंवा बिनडोक. मला अजून ठरवता आलेलं नाही. बँकेतल्या एका सहकाऱ्याची गाडी मागून आणली, तिने आम्ही तिघे गेलो. निघताना काकाजींनी चेक मागितला.

"कशाला?"

"त्यानं आज पैसे देल्ले तर चेक वापस द्या लागन ना. पैसेही घ्याचे आन चेकही ठेवाचा, हे बरोबर नाही."

मी पर्समधून चेक काढला. चेक त्यांच्या खिशात गेला.

गावात गाड्या लावायला जागा नव्हती. ऊस, फुगे, जिलेब्यांची दुकानं, दंडारीच्या खेळाचा मांडव. टायरवाल्याच्या अंगणात आमची जुनी गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती. काकाजी आधी तिच्याकडे गेले, बॉनेटवरून हात फिरवला, आणि मग टायरवाल्याला रामराम केला. अंगणात खुर्च्या टाकलेल्या. मुलाकडचे सातआठ जण बसलेले. काकाजींनी नवऱ्या मुलाच्या बापाशी हात मिळवताना त्याच्या बाहीचा काठ चाचपला आणि माझ्या कानाशी लागून, टेरिकॉट हाये, असं सांगितलं. काकू ओसरीवर बायकांत बसल्या. मला बँकेतल्या मॅडम म्हणून पुरुषांच्या रांगेत खुर्ची मिळाली, आणि मला पाहून टायरवाल्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

पाणी झालं, चिवडा झाला. मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तेवढ्यात मुलाच्या एका काकाने, प्रत्येक सोयरिकीत असा एक असतोच, गाडीकडे हात केला.

"गाडी तुमची हाये का? नाही, आमी आयकलं, चेक वटला नाही म्हणे. गाडीवाल्याचे पैसे बाकी हाये म्हणते लोक."

टायरवाला हातातला तांब्या तसाच धरून उभा राहिला. मुलगी ट्रे घेऊन दारातच थांबली, आणि ट्रेमधल्या कपांचा आवाज मला माझ्या खुर्चीवर ऐकू आला. मी मनात म्हटलं, बरं झालं. आपसूक निघालं. आता याला चार लोकांत पैसे कबूल करावे लागतील. हेच तर हवं होतं.

मी काकाजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते ओसरीवर काकूंकडे पाहत होते. काकूंना काय झालं ते ऐकू गेलं नव्हतं, पण कपांवरून, तांब्यावरून, साऱ्यांच्या मानांवरून त्यांना कळायचं तेवढं कळलं असावं. काकाजींनी एक बोट आपल्या कानाला लावलं आणि हनुवटीने दारातल्या मुलीकडे खूण केली. भुवया वर. हे की ते, असं विचारतात तसं. काकूंनी मुलीकडे पाहिलं. मग त्यांनी आपल्या कानाजवळ हात हलवला, ताटावरची माशी हाकलावी तेवढाच.

काकाजी उठले. खिशातून चेक काढला.

"भाऊ," ते टायरवाल्याला म्हणाले, "हा तुमचा चेक वापस कराचा राह्यला होता माह्याकडं. पैसे पोचले मले. म्हणूनच आलो आज."

आणि तो चेक त्यांनी त्याच्या खिशात घातला. वर खिशावर हाताने थोपटलं. सगळा कायदा, वकिलाचा मसुदा, उरलेले दिवस, सगळं त्या खिशात गेलं. मी अर्धी उठलेही होते. काकाजी माझ्याकडे वळले.

"विचारा या मॅडमले. बँकेतच हाये त्या."

साऱ्या अंगणाने माझ्याकडे पाहिलं. आता, मी इतक्या वर्षांच्या नोकरीत खोट्या कागदावर कधी सही केली नाही. मी मान हलवली. मानेला सही लागत नाही, एवढंच समाधान. तो काका म्हणाला, "मंग लोकं काहीही बोलते," आणि चिवड्याकडे वळला. ट्रे बाहेर आला. जेवायला तळ्यातल्या माशांचं कालवण आणि भात होता, आणि काकाजींनी दोनदा वाढून घेतलं. मी भात नुसता चिवडत बसले.

लोक विचारतात, पुढे त्याने पैसे दिले का. दिले, त्याच्या पद्धतीने. लग्न झाल्यावर कधी पाच हजार, कधी आठ, कधी पैशांच्या ऐवजी तांदळाचं पोतं. अर्ध्याच्या आसपास येऊन ते थांबलं. गाडी तो नावावर करून घेत नाही, कारण पैसे पूर्ण फिटल्याशिवाय दुसऱ्याची वस्तू आपल्या नावावर करणं त्याला बरं वाटत नाही. चलानाचा दंड मात्र तो वेळेवर भरतो. अपघात झाला तर कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार, हे मी दोघांनाही सांगून दमले. दोघांनाही एकमेकांबद्दल फार आदर आहे. एका कानाची मशीन आली. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मंडईतून परत निघालो तेव्हा आमच्या हातात एक रुपया नव्हता आणि चेकही नव्हता.

गाडी मी चालवत होते. काकाजी शेजारी, काकू मागे. गावाबाहेर पडेपर्यंत गर्दीतून वाट काढली. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं की तुम्ही लोक माणसाला वेड लावाल. पेढे काय, संत्री काय, दुपट्टा काय. त्या मुलीचं भलं करायचं तर घरच्या पैशाने करायचं होतं, काकूंच्या कानांनी का केलं. काकू नातीचा फोन घेऊन वर्षभर नुसत्या हसत बसतात ते तुम्हाला दिसत नाही का. मी फार बोलले. हे सगळं मी मोठ्या आवाजात बोलले, आणि ज्यांच्याबद्दल बोलत होते त्या मागच्या सीटवर बसून खिडकीतून कापणी झालेली धानाची शेतं पाहत होत्या.

काकाजींनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, आता येईल ते विणण्याचं वाक्य. आलं नाही. ते हात मांडीवर ठेवून समोर रस्त्याकडे पाहत बसले. अड्याळ गेलं. रस्त्यावर मंडईहून परतणाऱ्या बैलगाड्या आणि मोटारसायकली होत्या. त्या माणसाला मी इतका वेळ गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला माझ्या बोलण्याचा पश्चात्ताप झाला नाही. मी बोलले ते खरंच होतं. पण मी खिडकीची काच खाली केली.

मागून काकूंचा आवाज आला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, गरजेपेक्षा मोठा.

"काहून चूप बसले जी तुमी? बोला ना."

काकाजींनी ऐकलं, पण हलले नाहीत.

"बोला," काकू पुन्हा म्हणाल्या. "तुमचं तोंड हललेलं दिसलं का मले आयकू आल्यावानी वाटते. चूप बसले का मंग मी बह्यरी हावो."

मग काकाजींनी पट्टा सोडला, सीटवर गुडघा दुमडून पुरते मागे वळले, आणि बोलायला लागले. माशांच्या कालवणापासून सुरुवात झाली. पट्टा लावा, असं मला म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.